त्रिभुवनाचे हक्क

४ ऑगस्ट, सोमवार
पहाटे महादेवाला पाणी घातलं आणि ठरवलं. यंदाच्या छठपूजेला माझं गाणं बाजारात येणार. इतकी वर्षं ते गंडक नदीच्या घाटावर आमच्या गावापुरतं होतं. आता पाटण्याच्या 'मगध धुन' कंपनीचा फोन आला आहे.
बायकोने विचारलं, गाणं देताय म्हणजे विकताय की भाड्याने देताय? बाईमाणसाला या लाइनमधलं काय कळणार. म्हटलं, प्रसिद्ध करतोय.

६ ऑगस्ट
छपरा कोर्टात अखौरीला भेटलो. गावच्या शाळेत आम्ही एका फळीवर बसलो, पुढे तो वकील झाला आणि मी पूजेच्या सामानाचं दुकान टाकलं. म्हणाला, अरे अवध, एका गाण्यात तीन हक्क असतात. शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. सही करायच्या आधी कागद मला दाखव.
वकिलांचं असंच. भावाभावांच्या एका शेताचे हे लोक तीन तुकडे करतात, गाण्याला कशाला सोडतील? माझा बंदोबस्त जुना आहे. शेवटच्या कडव्यात माझं नाव बसवलंय: 'अवध म्हणे, वाऱ्या, वळसा घालून जा, सुपातला दिवा हलतो आहे.' संतांनीही हेच केलं. त्यांनी कुठे वकील ठेवला होता? हे गाणं चोरायचं तर आधी नाव बदलावं लागेल. एवढे कष्ट घेणारा चोर बिहारमध्ये अजून जन्मायचा आहे.

८ ऑगस्ट, पाटणा
कंपनीचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. मालक मंटूबाबू वाकून पाया पडले. म्हणाले, बाबा, तुमच्यासारखी माणसं आता राहिली कुठे? लस्सी आली, खाजा आला, खांद्यावर गमछा आला. मग कागद आला. इंग्रजीत होता. मी शांतपणे सगळी पानं उलटली.
दोन जागा कोऱ्या होत्या. मंटूबाबूंनी सांगितलं, एक मुदतीची, एक प्रदेशाची, राहू द्या. पण शुभ कागदावर कोरी जागा ठेवणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव गाळण्यासारखं. मीच पेन काढलं. मुदतीत लिहिलं 'यावच्चंद्रदिवाकरौ'. प्रदेशात लिहिलं 'त्रिभुवन'.
मंटूबाबू बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. म्हणाले, बाबा, आमच्या वकिलालासुद्धा हे सुचलं नसतं.
व्यवहारात भक्ती असली की समोरचा माणूस असा विरघळतो.

१३ ऑगस्ट
कीर्तन मंडळीतले दोन होतकरू गायक दुकानात सल्ला विचारायला आले. या क्षेत्रात नवख्यांची फार फसवणूक होते, म्हणून वेळ काढला. सांगितलं, माणसाचे डोळे बघा, कागद बघू नका; नाव शेवटच्या कडव्यात घाला; आणि कुठे काही कोरं ठेवू नका. दोघांनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी क्लास घ्यावा म्हणतो.

३० ऑगस्ट
रेकॉर्डिंग झालं. गायिका स्वीटी सरगम. मुलगी गुणी आहे, कानातून इअरफोन न काढता नमस्कार करते. मी सांगितलं, बेटी, हे गाणं हळू आहे. थंड पाण्यात उभी असलेली उपाशी बाई वाऱ्याला विनवते आहे. ती म्हणाली, ओके अंकल, आणि ढोलकवाल्याला म्हणाली, थोडं फास्ट घ्या.
वारा बहुधा वादळी असावा.

२ सप्टेंबर
क्लासचा बोर्ड रंगवून घेतला. गणपतीच्या चित्राखाली माझं नाव.

२६ सप्टेंबर
गाणं आलं! बसस्टँडवर टेम्पोत वाजत होतं. सामानासकट धावलो. टेम्पोवाल्याला म्हटलं, शेवटपर्यंत वाजव, शेवटी एक गंमत आहे.
शेवटी होतं, 'स्वीटी म्हणे, वाऱ्या, वळसा घालून जा.'
टेम्पोवाल्याने विचारलं, गंमत कुठली?
मंटूबाबूंना फोन केला. म्हणाले, बाबा, मार्केटिंगचा विषय आहे. अवध म्हटलं की लोकांना अयोध्येचं गाणं वाटतं, आपल्याला तर छठचा बाजार पकडायचाय. तुमचं नाव खाली माहितीत दिलंय. मोबाइलवर पाहिलं. ढोलकवाल्याचं नाव आहे, मेकअपवाल्याचं आहे, टायरच्या दुकानाचं आहे. माझं बहुधा आणखी खाली असेल. बोट दुखेपर्यंत खाली गेलो.

३ ऑक्टोबर
अखौरीला कागदाची झेरॉक्स दाखवली. दुसऱ्या पानावर त्याने चष्मा काढला. म्हणाला, हे त्रिभुवन कुणी लिहिलं? मी म्हटलं, मीच. म्हणाला, गाढवा, जागा कोरी ठेवली असतीस तर कायद्याने पाच वर्षांत शब्द आणि चाल दोन्ही तुझ्याकडे परत आले असते. प्रदेश लिहिला नसतास तर कंपनीला फक्त भारत मिळाला असता. माझ्या उभ्या वकिलीत पक्षकाराने स्वतःच्या पेनने स्वर्ग आणि पाताळ दिलेलं मी पहिल्यांदा बघतोय. तूर्त हे गाणं माइकवर गायचं तरी कंपनीची परवानगी लागेल.
मग जरा निवळला. म्हणाला, लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा हक्क अजून तुझा आहे, नोटीस पाठवू या. मी नको म्हटलं. पाया पडलेल्या माणसाला नोटीस पाठवणं बरं दिसत नाही. कायद्याचं पुस्तक मात्र मागून आणलं. क्लासला उपयोगी पडेल.

१२ ऑक्टोबर
पुस्तक प्रस्तावनेपर्यंत झालं. दिवाळीनंतर नेटाने वाचायचं.
क्लासला कुणी आलं नाही. सणाचे दिवस.
घाटावर गाण्याची परवानगी मागणारा अर्ज कंपनीला पाठवला. विषय: स्वतःचे गाणे गाणेबाबत.

२५ ऑक्टोबर
आजपासून बायकोचं छठचं व्रत सुरू. अर्जाला उत्तर आलं: 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' शुभ संकेत. नकार दिलेला नाही.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ
मावळत्या सूर्याला अर्घ्य. छठ समिती मोबाइलवरून सगळं लाइव्ह दाखवत होती, सुरत आणि दुबईत असलेल्या आमच्या पोरांसाठी. मी माइक घेतला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला लाइव्ह बंद पडलं. कॉपीराइट कंपनीचा आहे, असं पडद्यावर आलं.
समितीचे सचिव नगीना साह सर्वांदेखत मला म्हणाले, ओझाजी, दुसऱ्याचं गाणं गायची एवढी हौस असेल तर घरी न्हाणीत गा. दुबईहून पोरं शिव्या घालतायत, अर्घ्याच्या वेळी आई दिसेनाशी झाली म्हणून. सकाळी पुन्हा असं झालं तर चॅनल जाईल.
माइक जागेवर ठेवला. संयम हेही एक व्रतच आहे.

२८ ऑक्टोबर, सकाळ
लाइव्ह पुन्हा सुरू झालं होतं. सूर्य यायला वेळ होता. बायका सूप घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभ्या. आणि माझ्याच बायकोने ते गाणं उचललं. माइक नाही, ढोलक नाही. हळू, जसं आहे तसं. बाकीच्या तिच्या मागे.
नगीना साह माझ्याकडे बघायला लागले. मी धोतर सावरून काठावर गेलो, हात जोडले, म्हटलं, दुसरं काही गा, हे नको.
बायकोने पाण्यातूनच विचारलं, का? गाणं कुणाचं आहे?
म्हटलं, कंपनीचं.
ती म्हणाली, मग तुम्ही कशाला हात जोडताय? कंपनीला उतरवा पाण्यात.
बायका हसल्या आणि पुढे गायला लागल्या. शेवटच्या कडव्यात बायकोने 'अवध' म्हटलं. बाकी साऱ्या घाटाने 'स्वीटी' म्हटलं. तिचा एकटीचा आवाज ऐकू आला नाही. ओठांवरून कळलं.
लाइव्ह बंद पडलं नाही. नगीना साह म्हणाले, बायकांचा आवाज कंपनीच्या मशीनला कळत नसावा.
अर्घ्य झालं. रिवाजाप्रमाणे व्रत केलेल्या बायकांच्या पाया पडत गेलो. शेवटी एक म्हातारी होती, लेकीकडे छठला आलेली, परगावची. कपाळाला टिळा लावत म्हणाली, किती गोड गाणं! ज्या पोरीने केलं तिची कूस भरो.
राहवलं नाही. म्हटलं, माई, ते गाणं मी केलंय.
तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, बेटा, सूर्यदेव उगवताना घाटावर खोटं बोलू नये. आणि हातावर प्रसादाचा एक ठेकुआ जास्त ठेवला. उपाशी माणूस काहीही बोलतो, असं तिला वाटलं असावं.
खाल्ला.