दगडी साचा

प्रफुल भाऊजी,

मी पयल्या बसनं चंद्रपूरले दवाखान्यात तुमच्या भावाकडं चालली. भात गंजात झाकून हाये.

मासोळ्यायच्या गळाले बांधाच्या शिशाच्या गोळ्या आता तुमालेच ओता लागतीन. चूल अंगणात मांडा, घरात नोको. शिशाची कढई वेगळीच ठेवा, तिच्यात काही रांधू नका. चष्मा घाला. अन् दगडी साचा आधी विस्तवाजवळ चांगला तापू द्या. दगड वरून सुकला दिसते, पण आतून ओला राह्यते. जरासं पाणी असलं तरी शिसं उसळून तोंडावर येते.

तुमचे भाऊ सगळ्यायले सांगून राह्यले का साचा रातभर दवात राह्यला, चूक त्यायची सोताचीच. डाक्टरलेही तेच सांगतलं.

साचा दवात नोहता. दिवाळीच्या भांड्यायसंगं मीच तो घासला, पदरानं पुसला अन् कोरडा हाये म्हणून त्यायच्या हाती देल्ला. त्यायले हे ठाऊक हाये. मले अजून एका शब्दानं बोलले नाई.

आज दोन्ही डोळ्यायची पट्टी सोडतीन. डावा तर गेलाच. उजव्यानं ते पयले माह्याकडंच पाहतीन.

वच्छला वहिनी