दिवाणखान्यातल्या आठ शेगड्या

आई, तू होतीस तेव्हा मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते तुला पोस्टमनकडून वाचून घ्यावं लागलं असतं, ते तुला आवडलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. खरं तर मला पाकिटावर लोणावळ्याजवळच्या वलवणच्या बंगल्याचा पत्ता घालायचा नव्हता. मुंबईला कचेरीत मी सांगून ठेवलं होतं की आमची मावळात उर्शाला शेती आहे. शेती मामाची होती. तू त्या बंगल्याची राखण करायचीस, मागच्या खोलीत राहायचीस आणि मी त्याच खोलीत लहानाचा मोठा झालो, याचा मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. एवढं शिकवलंस, त्याचा पहिला उपयोग मी हा केला.

मग बंगल्याचे मालक शेट वारले. त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, त्यांच्या नावानं बंगला, बाग आणि आतलं सगळं सामान विद्यापीठाला देऊन टाकलं. मी त्याच विद्यापीठाच्या कचेरीत कच्च्या नोकरीवर होतो. सामानाची यादी करायला मोठे साहेब निघाले आणि ‘तुम्ही मावळातले, तुम्हाला पावसाचं काय’ म्हणून मलाच बरोबर घेतलं. ऐन श्रावण होता. साहेबांना लोणावळ्याची हवा खायची होती, ती त्यांना गाडीतून उतरल्याबरोबर नाकातोंडात मिळाली. माझी धास्ती मात्र वेगळीच होती. बंगल्याच्या किल्ल्या जिच्या कमरेला तिच्याच मुलानं यादी केली, हे कळलं असतं तर यादीही रद्द झाली असती आणि मीही.

साहेब फाटकापाशी छत्रीशी झटापट करताहेत आणि मी पुढे होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. तू चुलीपुढून उठतेस, माझी भिजलेली टोपी काढायला हात पुढे करतेस. मी मागे सरकतो. ‘‘साहेबांपुढं मला हाक मारू नकोस. ओळखही दाखवू नकोस,’’ मी म्हणतो. तू हात मागे घेतेस. ‘‘नोकरीचं काय हाय व्हय?’’ मी मान हलवतो. ‘‘बरं,’’ म्हणतेस आणि ओला नसलेला हात पदराला पुसतेस. आई, त्या ‘बरं’मध्ये राग असता तर मला आजवर थोडं सोपं गेलं असतं.

साहेबांनी दिवाणखान्याचं दार ढकललं आणि जागच्या जागी थांबले. आत आठ शेगड्या पेटलेल्या होत्या. टेबलाखाली, पुस्तकांच्या कपाटांपुढे, कोचाच्या दोन्ही अंगांना, सगळे खण बाहेर ओढलेले आणि खिडकीची एक फळी उघडी. वलवणचं धुकं चार महिने घरात येऊन बसतं, लाकूड फुगतं, पुस्तकांना बुरशी धरते. शेटांनीच तुला हे काम लावून दिलं होतं. आषाढ लागला की रोज सकाळी तू निखाऱ्यांवर राख पसरून खोल्याखोल्यांतून शेगड्या मांडायचीस. लहानपणी मी एक शेगडी टेबलाच्या पायाला चिकटवून ठेवली, तेव्हा माझा कान पिरगाळून म्हणाली होतीस, ‘‘वीतभर लांब ठिव. ऊब द्यायची हाय, भाजायचं न्हाई.’’ एरवी तू दिवाणखान्यात सहा मांडायचीस. त्या दिवशी सामान परक्या हाती सोपवायचं, ते ठणठणीत असावं, म्हणून दोन जास्त पेटवल्या होत्यास.

‘‘हे काय चाललंय? दिवाणखान्यात चुली? आग लागली असती म्हणजे?’’ साहेब कडाडले.

‘‘साहेब, लाकडाला—’’ तू सुरुवात केलीस. साहेबांनी ऐकून घेतलं नाही. ते माझ्याकडे वळले. ‘‘काय हो, तुम्ही इकडचे. इकडे अशी काही पद्धत आहे का?’’

‘‘मला माहीत नाही, साहेब.’’

तोंडातून निघून गेलं असं मी म्हणणार नाही. विचार करून बोललो. तू अजूनही सांगू शकली असतीस. शेटांचा हुकूम होता, बाईंना विचारा, एवढं पुरलं असतं. पण मग साहेबांनी मला विचारलं असतं, शेटांच्या वेळेपासून इथं दर पावसाळ्यात हे चालतं, मग इकडच्या माणसाला माहीत कसं नाही? ते तुझ्या माझ्याआधी लक्षात आलं. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. ‘‘चुकी झाली, साहेब,’’ म्हणालीस. ‘‘लय गारठा हुता. म्याच शेकत बसले हुते.’’

‘‘आठ शेगड्या? एकट्या बाईला?’’ साहेब हसले, आणि ते हसणं रागापेक्षा वाईट होतं. ‘‘हिच्या हाती सामान ठेवायचं नाही. आठ दिवसांत खोली रिकामी करायची. लिहून घ्या.’’ मी लिहून घेतलं. तू एकेक शेगडी उचलून पडवीत नेऊ लागलीस आणि मी तुला वाट द्यायला बाजूला झालो.

तू उर्शाला मामाकडे गेलीस. दिवाळीत मी आलो तेव्हा मामीच्या चुलीशी बसून तू एकच विचारलंस, ‘‘पक्की झाली न्हवं?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग झालं तर,’’ म्हणालीस आणि मला वाढायला घेतलंस. पुढची दोन वर्षं, तू गेलीस तोवर, आपण हा विषय काढला नाही. माझ्या मुलांना मी सांगतो की आजी म्हातारपणी आपण होऊन माहेरी राहायला गेली. बंगला बंद राहिला आणि पुढच्याच पावसाळ्यात सामान सडलं. खराब वस्तू यादीतून खोडायला मलाच पुन्हा पाठवलं. कपाटांची दारं उघडेनात, पुस्तकांच्या चिकटून विटा झालेल्या. कारणाच्या रकान्यात मी ‘दमट हवा’ लिहिलं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहितो. खोडाखोडीला नेलेली यादी तीच जुनी होती. तू ‘शेकत बसले हुते’ म्हणालीस तेव्हा मी खाली मान घालून यादीत पडवीतल्या वेताच्या आरामखुर्च्या लिहीत होतो. तेव्हा हात थोडा तरी कापला असेल, या आशेनं ती ओळ मी शोधून काढली. वाईट मला नंतर वाटलं आई, फार नंतर. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं. ओळीतलं एकही अक्षर हललेलं नाही.