खालचा पंख

प्रिय धाकट्या,

बाबा गेल्यावर घर आवरताना त्यांनी हाताने बनवलेलं ते एकावर एक दोन पंखांचं छोटं विमान तू नेलंस. खालचा पंख सापडेना म्हणून तू फोन केलास, तेव्हा "मला काय ठाऊक?" असं मी म्हणाले. कापड बदलायला काढलेला तो पंख माझ्या शिवणाच्या डब्यातच होता.

मी चिडले होते रे. एका जुन्या फोटोवरून मापं काढून बाबा दुपारभर गुणगुणत बांबूच्या काड्या तासायचे. पंखांवर रेशमी कापड ताणून चिकटवायचे मी. तू डिंकाची बाटली सांडण्यापलीकडे काय केलंस? तरी मला न विचारता विमान उचललंस.

गेल्या रविवारी तो पंख पिशवीत घालूनच तुझ्याकडे आले. माफी मागायची असं ठरवलं होतं. बघते तर काय, विमानाला दोन्ही पंख! खालचा जरा जाड, कापडाला सुरकुत्या.

"सात महिने लागले, ताई," तू म्हणालास. "चार मोडले. बाबांचा हात कसा चालायचा, ते आत्ता कळलं."

तुझ्या बोटांवर सुरीच्या पात्याचे व्रण होते. मी चहा प्यायले आणि पिशवी न उघडताच परत आले.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बाबांचा पंख मिळाला, तर तू तुझा काढून टाकशील. मी ओळखते तुला.

त्या सुरकुत्या मात्र वाफेने जातात. येत्या रविवारी येऊन दाखवते.

तुझी,
ताई