लाल स्टारलेट कोणाला द्यावी याबद्दल

सडा टाकून झाला होता, दूध तापले होते, आणि मी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले होते. मागच्या कोठ्यातून, म्हणजे जुन्या गोठ्यातून, गाडीचा आवाज येत होता. माझे यजमान भोजराज रोज सकाळी गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवत आणि मग चहाला येत. त्या सकाळी तांदूळ निवडून झाले, चहा निवून गेला, तरी आवाज थांबेना. मी बसल्या जागेवरून ओरडले, "या ना आता, नुसतं पेट्रोल कायले जाळता?" मग उठून गेले. ते स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बसल्या जागी थांबले. गाडी मी बंद केली. तिची चावी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात आली.

वकिलांनी सांगितले की मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. म्हणून आता रीतीप्रमाणे लिहिते. मी, रत्नाबाई भोजराज सोनकुसरे, वय त्रेसष्ट, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि माझ्यामागे काय कोणाचे ते मी इथे ठरवून ठेवते. शाळा मी दुसरीत सोडली. वाचायला आमच्या कोसा रेशमाच्या कापडाच्या दुकानातल्या रद्दीवर शिकले. चूक दिसली तर अर्थ पाहावा.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी रिता हिची. ती पुण्याला नोकरी करते. घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे, फक्त कोठ्याबद्दल पुढे लिहिले आहे ते आधी वाचावे.

२. माझा हातमाग गावात ज्या बाईला चालवायचा असेल तिला द्यावा. शोभेसाठी मागणाऱ्याला देऊ नये. शेजारची रुखमा या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे कळले. म्हणून पितळी घंगाळ मी तिला परवाच देऊन टाकले. ते तिच्या घरी दिसले तर कोणी वाद काढू नये.

३. गाडी. ही लाल रंगाची, तीन दारांची जुनी जपानी स्टारलेट आहे. दिसायला खेळण्याएवढी. रिता शाळेत असताना टीव्हीला जोडून शर्यतीचा खेळ खेळायची, त्यात ही गाडी होती. मोठमोठ्या गाड्या सोडून ती हीच घ्यायची. एकदा तिने बापाला शेजारी बसवले. "बाबा, सरळ रस्त्यावर जाऊ द्या त्याइले पुढं. आता वळण येऊ द्या, मंग पाहा." वळण आले आणि ही एवढीशी गाडी सगळ्यांच्या आतून निघून गेली. यजमान लहान पोरासारखे टाळ्या वाजवू लागले. पुढे नागपूरला एका डॉक्टरांच्या आवारात त्यांना खरीखुरी स्टारलेट ताडपत्रीखाली उभी दिसली. त्यांनी ती घेतली. रितासाठीच घेतली, हे मी साक्षीने लिहिते.

त्या दसऱ्याला रिताने पहाटे गाडी धुतली, झेंडूचा हार ओवला, चाकांखाली लिंबे ठेवली. आमच्याकडे ज्याने गाडी सजवली त्याने पहिली चक्कर मारायची. ती दार उघडून बसणार, तेवढ्यात माझे दीर परसराम बोलले, "दादा, सणाच्या दिवशी पोरीच्या हाती स्टेरिंग देता? लोकं काय म्हणतीन?" आणि त्यांनी आपल्या मुलाला, प्रविणला बसवले. यजमान रिताला म्हणाले, "पुढच्या दसऱ्याले तू, माय." प्रविणने फाटकातून निघतानाच डावे दार खांबाला घासले. तो पोचा अजून आहे. पुढच्या दसऱ्याला रिता खोलीतून बाहेर आली नाही. नंतर शिकायला गेली ती गेलीच. त्या गाडीत ती आजपर्यंत बसलेली नाही.

ती गेल्यावर यजमान तिचा रिमोट माझ्या हाती देऊ लागले. इंग्रजी अक्षरे मला त्या खेळाने शिकवली. पडद्याच्या वरच्या अर्ध्यात मी, खालच्या अर्ध्यात ते. आताही मी दोघांचाच खेळ लावते. खालची गाडी रेषेवर उभी राहते. मी शेवटपर्यंत पोचले तरी खेळ संपत नाही, तो दुसऱ्याची वाट पाहतो. मग मी त्यांचा रिमोट उचलते आणि त्यांची गाडीही हळूहळू घरी आणते.

प्रविण दोनदा येऊन गेला. "काकू, नागपूरचा एक शौकीन हाय, उद्याच उचलून नेते. तुमाले चालवता येत नाई, मंग कायले ठेवता?" मी म्हटले, "बसता त येते ना, बापा." रोज सकाळी मी बसते. गाडी सुरू करते, चहाच्या वेळेपर्यंत ऐकते, बंद करते.

रिताला फोनवर विचारले तर म्हणाली, "नको, आई. खेळात तिले एवढी चालवली का खरी पाहाची आता भीती वाटते."

तरी गाडी मी रितालाच देते. माझ्या मृत्यूनंतर तिने ती घ्यावी. नाहीच घेतली तर कोठ्यात उभी राहू द्यावी, पण प्रविणच्या हाती जाऊ नये.

४. परसराम भाऊजींना यजमानांची आरामखुर्ची द्यावी. सल्ले ते तिच्यातच बसून देत.

५. माझ्या तेराव्याला गोड एकच करावे. खेळाचे यंत्र भंगारात टाकू नये.

वरील सर्व मला वाचून दाखवले नाही, मीच वाचले, आणि ते बरोबर आहे.

ठिकाण: आंधळगाव
दिनांक: २४ सप्टेंबर २०२५
सही: रत्नाबाई भोजराज सोनकुसरे
साक्षीदार: १. रुखमा गोपीचंद पराते २. तुलाराम निखारे

पुरवणी, दिनांक २५ सप्टेंबर २०२५

काल सह्या झाल्या. आज सडा टाकला, दूध तापवले आणि गाडीत जाऊन बसले. चावी फिरवायच्या आधी लक्षात आले की माझ्या मरणानंतरची गाडी म्हणजे रितासाठी पुन्हा पुढचाच दसरा. म्हणून कलम तीनमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी रद्द करते. गाडी आजपासून तिची. दसरा दोन ऑक्टोबरला आहे. हार मी ओवून ठेवीन, धुवायची तिने. साक्षीदार कालचेच, दोघांनी पुन्हा सही केली आहे.

या गाडीला एकच चावी आहे. ती मी रुमालात गुंडाळली, डबीत घातली आणि पोस्टात जाऊन रिताच्या पत्त्यावर पाठवली.