भिंत नसलेला तुरुंग

शनिवार, संध्याकाळ

पिंकी मोबाईलवरची गोष्ट सांगत होती. एक अख्खा ग्रहच तुरुंग म्हणे. भिंत नाही, नुसती वाळू. कैदी उतरवून यान निघून जातं.

मी विचारलं, "कुठला ग्रह? शनी का?"

"आबा, शनी साडेसात वर्षांनी सोडतो की! ह्यो सोडतच न्हाय," म्हणून नात लई हसली.

मला हसू येईना. तिचा बाप, माझा दत्ता, आखातात कामाला गेलाय. पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलाय. असं ठेवतात का?

मग त्याचा फोन आला. म्हटलं, "तितं कंपाउंडला भिंत हाय का रं?"

"भिंत कशाला, अण्णा? चहूकडं वाळूच हाय की."

पिंकीला सांगितलं, पप्पा मजेत हाय.

आज सकाळीच शनीला तेल वाहिलं होतं. पण ह्या ग्रहाला काय वाहायचं?