माझ्या खोलीतील दुसऱ्या व्यक्तीस हजर करण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, विद्यापीठ.

विषय : ऑनलाइन परीक्षेच्या वेळी माझ्या खोलीत आढळलेल्या दुसऱ्या व्यक्तीस चौकशी समितीपुढे हजर करताना येणाऱ्या अडचणींबाबत.

संदर्भ : समितीचे पत्र. (“दुसरी व्यक्ती हजर न केल्यास वर्ष रद्द समजावे.”)

महोदय,

“बोलत राहा गं, मला ऐकू येतंय.” हे वाक्य माझ्या आईचे आहे. खाली तिचे इस्त्रीचे दुकान, वर आमची एक खोली, मधला जिना अंधारा. लहानपणी दिवा लावायला वर जाताना मी पहिल्याच पायरीवर थांबे. आई हातातली इस्त्री न थांबवता खालून हे वाक्य म्हणे, आणि मी स्वतःलाच मोठ्याने समजावत चढे : घाबरू नकोस बाई, ही पायरी झाली, आता हिच्या पुढची, तिच्याही पुढची. जिना संपला, दिवा लागला, पण सवय राहिली. प्रकरणाशी थेट संबंध असल्यामुळे ही बाब सुरुवातीलाच नमूद केली आहे.

१. मी बांधकाम अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. साथ आली तेव्हा खोलीतल्या दोघी मैत्रिणी गाद्या गुंडाळून घरी गेल्या. मी गेले नाही. वाफेत उभे राहून राहून आईची छाती नाजूक झालेली, आणि घरात खोली एकच. आजार मीच घेऊन गेले तर? तेव्हापासून मी वसतिगृहात एकटी आहे. खिडकीतून समोर भिंत दिसते. ती भिंत मी फार चांगली ओळखते.

२. परीक्षेत तुळईचा प्रश्न होता. भार वाढवत नेल्यास तुळई कोठे मोडेल ते काढायचे होते. उत्तर मला येत होते. परंतु पडद्यावरचे आकडे पोहू लागले. तेव्हा माझ्या तोंडून निघाले, “अगं वेडे, आधी श्वास घे. घाबरू नकोस. मी आहे ना.” देखरेखीच्या यंत्रणेने लगेच लाल खूण करून ‘खोलीत दुसरी व्यक्ती’ अशी नोंद केली.

३. समितीपुढील ऑनलाइन सुनावणीत तज्ज्ञ सदस्यांनी मत मांडले, की “श्वास घे” ही उत्तर सुचवण्याची सांकेतिक पद्धत असू शकते, आणि “घाबरू नकोस” हे साहाय्य अभ्यासक्रमाबाहेरचे आहे. अध्यक्ष महोदयांनी विचारले, “ती दुसरी कुठे आहे?” मी म्हटले, “सर, ती मीच.” त्यावर ते म्हणाले, “मग तुम्ही कुठे आहात?” महोदय, या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि आजही देता येत नाही. माझे मौन कबुली म्हणून नोंदवले गेले.

४. समितीच्या पत्राची प्रत वसतिगृहास गेल्याने पुढील गोष्टी घडल्या. अधीक्षिका बाईंनी दाराबाहेरून कळवले, की एका खोलीत एकच व्यक्ती राहील असा साथीचा नियम आहे. तूर्त दोघींनी आपसांत सहा फुटांचे अंतर ठेवावे. तीन खाटा सोडून उरलेली रुंदी तेवढी नाही. तरी मी नियम पाळण्याच्या हेतूने आरशावर टॉवेल टाकला आहे.

५. खानावळीतून दारात दोन ताटे येऊ लागली. ताटे आणणाऱ्या काकांना मी दाराआडून म्हटले, “काका, मी एकटीच आहे हो.” ते म्हणाले, “पोरी, कागदावर दोन आहेत. कागद काय खोटं बोलतो? आणि रोज आतून बोलणं ऐकतो की मी. भांडू नका गं दोघी, आजारपणाचे दिवस आहेत.” दुसरे ताट तसेच परत जाते, म्हणून दुसऱ्या व्यक्तीस अन्न वाया घालवल्याबद्दल ताकीद मिळाली आहे. ताकीद मी तिला वाचून दाखवली. ती रडली. रडण्याचा आवाज यंत्रणेने तिसरी व्यक्ती म्हणून नोंदवू नये, ही विनंती.

६. समितीच्याच पत्रात सुचवल्यानुसार मी समुपदेशन कक्षास फोन केला. तेथील ताई गोड आवाजात म्हणाल्या, “त्रास तुम्हाला होतोय की त्यांना?” दोघींना होत असल्यास दोन अर्ज लागतात, आणि दुसऱ्या अर्जास स्वतंत्र हजेरी क्रमांक लागतो. तो मिळवण्यासाठी तिने प्रवेश घेतलेला असावा लागतो. प्रवेश सध्या बंद आहेत.

७. आई रोज फोन करते. “मजेत ना गं?” मी म्हणते, मजेत. “मैत्रिणी आहेत ना सोबतीला?” मी म्हणते, आहेत की. “मग आवाज असा का?” मी म्हणते, मास्क आहे ना तोंडाला. खोलीत मी एकटी, दार बंद, आणि मास्क. आईने अजून तरी खोदून विचारलेले नाही. या उत्तरांत दुसऱ्या व्यक्तीचा काही हात नाही. ती अशा वेळी खाली मान घालून बसते.

सबब माझी नम्र विनंती अशी, की माझे वर्ष रद्द करू नये. तुळईचे उत्तर बरोबर आहे, ते माझे आहे. दुसऱ्या व्यक्तीस शिक्षा करायची झाल्यास निदान तिला खोलीतून काढू नये. ती गेली तर माझ्याशी बोलायला येथे कोणी उरत नाही. आदेशाचा मान राखून मी तिचा जबाब घेतला असून तो खाली जोडला आहे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(सही)
तृतीय वर्ष, बांधकाम अभियांत्रिकी

दिनांक : अर्ज पोहोचेल तो

सोबत : दुसऱ्या व्यक्तीचा जबाब

मी, खोलीतील दुसरी व्यक्ती, लिहून देते की उत्तर मी सांगितले नाही. बांधकामातले मला काही कळत नाही. मला फक्त जिना चढवता येतो.

आज सकाळी अर्जदार हा अर्ज लिहीत असताना तिच्या आईचा फोन आला. मागे इस्त्री आपटल्याचा आवाज येत होता. आईने नेहमीचे विचारले, “मजेत ना गं?” अर्जदाराने नेहमीचे उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, पण शब्द काही फुटेना. मग इस्त्रीचा आवाज थांबला. तो कधी थांबत नसे.

आई म्हणाली, “बोल बाळा. मला ऐकू येतंय.”

तेव्हा मी अर्जदाराची परवानगी न घेता बोलले. तेवढा एक गुन्हा मला मान्य आहे. मी म्हटले :

“आई, मी मजेत नाही. इथे कोणीच नाही गं. मला फार भीती वाटते.”