मागच्या अंगणातली सेटर

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दोन खांब, ओळंबा लावून उभे केलेले. व्हॉलीबॉलची जाळी, तिची गाठ न् गाठ मी मारलेली. तीनदा चाळलेली रेती, ती सपाट करायची फळी, पंचांची शिडीची खुर्ची, आणि तुझी पदकं टांगायची पट्टी, जिच्यावर आता जागा उरलेली नाही. हे सगळं ह्या हातांनी केलंय, आणि वेल्डिंग मला कुणी शिकवलेलं नाही, हे तुझ्या पेपरवाल्यांना सांग. गेल्या खेपेला त्यांनी छापलं की पोरगी साधनं नसताना घडली. खांब काय आभाळातून पडले?

आई म्हणते, भांडणं पुरे, पोरगी जेवते का ते विचारा. तर, जेवतेस का?

सेमीफायनल आई टीव्हीवर बघेल. मी नेहमीसारखा मागे रेती ओढत राहीन, मला बघवत नाही. थोरली असती तर म्हणाली असती, बाबांना ठिणग्या बघवतात, पोरीचा खेळ नाही. तापाने तिला नेलं त्याला आता चार वर्षं होतील.

खांदा जप. माया आहे तशी असू दे.

बाबा


१९ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

जिंकलो ते कळलंच असेल. न छापलेलं सांगते.

शेवटच्या पॉइंटला आमची सेटर चेंडू उचलून द्यायला त्याच्याखाली पोचायच्या आधीच मी उडी मारली. कारण डावीकडून टक् ऐकू आलं. आपल्या मागच्या अंगणात मला चेंडू उचलून देण्याआधी थोरली टाळ्याला जीभ लावून करायची, तेच. हॉल ओरडत होता, तरी ऐकू आलं. मी हात फिरवला आणि चेंडू तिथे होता. सेटर नंतर म्हणाली, तो कुठे जाणार हे मलाच ठाऊक नव्हतं, तुला कसं कळलं? कोच म्हणाले, ह्याला म्हणतात चॅम्पियन.

बाबा, ती गेल्यापासून प्रत्येक मोठ्या मॅचला हे होतं. खेळते ती, आणि कप माझ्या नावावर. ते खांब आहेत तोवर ती जायची नाही. उपटून टाका. नाहीतर फायनलला मी उतरणार नाही.

तुमच्या खांबांबद्दल बोलतेय हे मला कळतं. मी समोर असते तर तुम्ही फळी घेऊन मागे लागला असतात. आईला यातलं काही सांगू नका. मी जेवते.

रागावलात तरी पाठीवरचा हात काढू नका.

धाकटी


२४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पहार घेऊन मागे गेलो. एका खांबाच्या बुडाशी वीतभर खणलंसुद्धा. मग थांबलो. का, ते ऐक.

रोज संध्याकाळी मी रेती पाण्यासारखी सपाट करतो. सकाळी जाळीजवळ, सेटरच्या जागी, दोन पावलं उमटलेली असतात. डावं आत वळलेलं. त्या चालीवरून तू थोरलीला बदक म्हणायचीस. आई म्हणते मांजर असेल. मांजराचा पंजा मला ओळखता येतो, पण तिच्याशी वाद घातला नाही.

तुझ्या सेमीफायनलच्या वेळी मी तिथेच, रेतीत होतो. शेवटच्या पॉइंटला आई आतून ओरडली, म्हणून वेळ पक्की सांगतो. त्याच क्षणी माझ्यापासून दोन हातांवर टक् झालं. माझ्या डोळ्यांदेखत रेती दबली. चेंडू काही आला नाही. पावलं कितीतरी वेळ वाट बघत उभी होती.

म्हणजे ती तुझ्यापाशी नव्हती. इथे होती. तुला ऐकू आलं ते वर्षानुवर्षं कानात मुरलेलं. उडी तुझी, हात तुझा, कप तुझा. माझं माप चुकत नाही, तू जाणतेस. फायनलला उतर.

तुझी आठवण घरभर आहे. आमची तुझ्या मनात असू दे.

बाबा

ता. क. खड्डा बुजवत होतो तेव्हा मागचा गोदामवाला कुंपणापाशी आला. खांब काढताय तर ही पडीक जागा मला विका, म्हणाला, आणि आकडाही सांगितला. मी म्हटलं, जागा रिकामी नाही, थोरली खेळते तिथे. तो हसला नाही. रेतीकडे बघितलं, आणि आकडा वाढवला. मी नाही म्हटलं. छत्तीस लाख देत होता, रोख.